"त्या गोळीने झालं का गं?" ऑटिझमचं विज्ञान, जरा सोपं करून

सप्टेंबर 2025 मधली गोष्ट. रात्री साडेअकराला ताईचा मेसेज. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं होतं की गरोदर बायकांनी टायलेनॉल घेऊ नये, त्याचा ऑटिझमशी संबंध आहे. टायलेनॉल म्हणजे साधी पॅरासिटामॉल. तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या फॅमिली ग्रुपवर येऊन पडला होता. ताईने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, मला एकटीला लिहिलं, "सातव्या महिन्यात ताप होता तेव्हा मी दोन दिवस घेतली होती. त्या गोळीने झालं का गं?"

माझा भाचा आता नऊ वर्षांचा आहे, चौथ्या वर्षी त्याचं ऑटिझमचं निदान झालं. म्हणजे पाच वर्षं ही बाई मनात हिशोब लावत बसलीये की माझं नक्की कुठे चुकलं. मी डॉक्टर नाही, बायोलॉजी शिकवते, त्यामुळे नातेवाईकांचे असले प्रश्न माझ्याकडेच येतात. त्या रात्री मी तिला "नाही गं" एवढंच लिहिलं. पण "नाही" म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतोच की मग कशाने? त्याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मावणारं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी त्या नावाचंच बघू

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला कधीच पटला नाही, कारण तो ऐकून वाटतं की मूल स्वतःतच रमलंय, जगाशी त्याला घेणंदेणं नाही. पण दोष मराठीचा नाही, मूळ शब्दच तसा आहे. ग्रीक भाषेत ऑटोस म्हणजे स्वतः, त्यावरून ब्लॉयलर नावाच्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने 1911 मध्ये हा शब्द वापरला, आणि तोही स्किझोफ्रेनियाच्या पेशंटबद्दल. पुढे 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन करताना तोच उचलला, दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनीही वापरला. त्याच्या बऱ्याच आधी, 1925 मध्ये, ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टर बाईंनी सहा मुलग्यांचं इतकं बारकाईने वर्णन करून ठेवलं होतं की आजच्या निकषांशी ते जुळतं, पण त्यांचं नाव कित्येक दशकं फारसं कोणी घेतलंच नाही. असो.

निदान कसं करतात ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. दोन गोष्टी बघतात. एक, इतरांशी बोलणं-वागणं, नजर, हावभाव, संवादाची देवाणघेवाण यात वेगळेपण. दोन, तेच तेच करणं, ठरलेल्या गोष्टी ठरल्या तशाच हव्या असणं, एखाद्या विषयाचं प्रचंड वेड, आणि आवाज-स्पर्श-उजेड खूप जास्त किंवा खूप कमी जाणवणं. हे लहानपणापासून हवं आणि रोजच्या जगण्यावर त्याचा परिणाम होत असायला हवा. झालं. यात रक्ताचा रिपोर्ट नाही, स्कॅन नाही, सगळं बाहेरून दिसणारं वागणं आहे.

आता "गाडी चालू होत नाही" ही तक्रार घ्या. बॅटरी उतरली असेल, प्लग गेला असेल, पेट्रोल संपलं असेल, बाहेरून दिसणारी गोष्ट एकच, की गाडी चालू होत नाही. ऑटिझम हे तसं बाहेरून दिलेलं नाव आहे, आतली कारणं एकाच माळेचे मणी असतील असं काही नाही. (माझा भाचा बिघडलेली गाडी नाही, उपमा तेवढ्यापुरतीच घ्या.)

आणि ऑटिझमला स्पेक्ट्रम म्हणतात, पण ती कमी ऑटिझम ते जास्त ऑटिझम अशी सरळ पट्टी नव्हे. साउंड सिस्टिमवर बेस, ट्रेबल, व्हॉल्यूम अशी वेगवेगळी बटणं असतात ना, तसं ते आहे. एखाद्याचं भाषेचं बटण एकदम वर आणि आवाज सहन करण्याचं एकदम खाली, दुसऱ्याचं बरोब्बर उलटं. काहींना आयुष्यभर चोवीस तास सोबत लागते, काही जण प्राध्यापक होतात. दोघांना एकच नाव.

आईवर खापर फोडायची जुनी खोड

ताईचा प्रश्न नवीन नाही. 1950-60 च्या दशकांत तज्ज्ञ लोकच सांगायचे की आई मायेने वागत नाही, थंड असते, म्हणून मूल असं होतं. त्या आयांना नावही दिलं होतं, "रेफ्रिजरेटर मदर", म्हणजे फ्रिजसारखी थंडगार आई. पुरावा काय? तर काही नाही, डॉक्टरांना आया तशा वाटल्या. आता ज्या बाईचं मूल तिच्याकडे बघत नाही, रात्र रात्र झोपत नाही, ती डॉक्टरसमोर हसतखेळत बसेल का? कारण आणि परिणाम सरळ उलटे धरले होते. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते, हे सगळं खोडून काढलं आणि म्हणाले हा मेंदूचा, शरीराचा मामला आहे, संगोपनाचा नाही.

खरा धक्का मात्र जुळ्यांनी दिला. एकसारखी जुळी, म्हणजे एकाच गर्भाचे दोन भाग झालेली, यांचे जीन जवळपास शंभर टक्के तेच असतात. साधी जुळी ही एकाच वेळी जन्मलेली भावंडं, त्यांचे साधारण निम्मेच जुळतात. पण आई तीच, घर तेच, नऊ महिनेही तेच. तेव्हा संगोपनानेच होत असेल तर दोन्ही प्रकारांत सारखंच दिसायला हवं. 1977 मध्ये ब्रिटनमध्ये फोलस्टीन आणि रटर यांनी अशा 21 जोड्या तपासल्या. एकसारख्या 11 जोड्यांपैकी 4 मध्ये दोघांनाही ऑटिझम होता, साध्या 10 जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. छोटासा अभ्यास, पण दिशा तिथेच ठरली, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा फरक आणखी ठळक झाला.

2019 मध्ये डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मिळून 20 लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कोणाला ऑटिझम असतो आणि कोणाला नसतो या फरकामागे जीनचा वाटा साधारण 80 टक्के निघाला. त्याच अभ्यासात "आईमुळे होणारा परिणाम", म्हणजे जीन सोडून आईच्या शरीरातून, गरोदरपणातून येणारा भाग, वेगळा मोजला होता. तो जवळपास नगण्य निघाला. ताईला मी हेच वाक्य दोनदा वाचायला लावलं.

एक खुलासा करते, कारण इथे हमखास गल्लत होते. 80 टक्के म्हणजे एका मुलाचा 80 टक्के ऑटिझम जीनमुळे आणि 20 टक्के दुसऱ्या कशामुळे असं नाही. हा आकडा अख्ख्या लोकसंख्येतल्या फरकाबद्दल आहे, एका मुलाबद्दल तो काही सांगत नाही.

"आमच्या घराण्यात तर कोणालाच नाही, मग जीन कुठून आले?"

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे ताईच्या सासूबाईंचं वाक्य. बरोबर वाटतं, पण जीनच्या बाबतीत दोन वाटांनी चुकतं.

पहिली वाट म्हणजे नव्याने झालेला बदल. जीन म्हणजे शरीर बनवायच्या सूचना. आई-वडिलांकडून मुलाकडे जाताना त्या सूचनांची नक्कल होते, आणि तीन अब्ज अक्षरांची नक्कल करताना काही अक्षरं चुकतातच. प्रत्येक माणसात, तुमच्यात, माझ्यात, अशी साधारण 60-70 नवीन अक्षरं असतात जी ना आईत होती ना वडिलांत. बहुतेक कुठल्यातरी बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यात पडतात आणि कोणाला कळतही नाही. पण एखादी नेमकी मेंदू घडवणाऱ्या सूचनेच्या मधोमध पडली तर? आइसलंडमध्ये 2012 च्या एका अभ्यासात दिसलं की या नवीन चुका जास्त करून वडिलांकडून येतात, आणि वडिलांचं वय एक वर्षाने वाढलं की साधारण दोनने वाढतात. कारण शुक्राणू आयुष्यभर नक्कल करून करून बनत राहतात. (इतकी वर्षं खापर आईवर फुटत होतं, हे जाता जाता लक्षात घ्या. आता वडिलांच्या मागे लागू नका, हा वाढलेला धोकासुद्धा छोटाच असतो.)

दुसरी वाट जास्त गर्दीची आहे. उंचीचा एक जीन नसतो, हजारो ठिकाणचे बारीक बारीक फरक मिळून उंची ठरते. ऑटिझममध्येही तसे असंख्य सर्वसाधारण फरक आहेत, एकेकट्याचा परिणाम अगदी चिमूटभर, आणि ते तुमच्याआमच्यात, सगळ्यांत थोडेथोडे असतातच. आईकडून थोडे, वडिलांकडून थोडे, आणि एखाद्या मुलात योगायोगाने जास्त जमा झाले. म्हणजे आडात होतंच, फक्त थेंब थेंब होतं म्हणून दिसलं नाही. भाच्याचे आजोबा आयुष्यभर रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने, एकाच बाजूने फिरायला जायचे आणि रस्ता खणलेला असला तर परत घरी येऊन बसायचे. तेव्हा कोणी त्याला काही नाव दिलं नाही. मी पण देत नाहीये, फक्त सांगतेय.

ज्या जीनमधला एखादा दुर्मिळ बदल मोठा परिणाम करतो असे किती सापडलेत? 2020 मध्ये 35 हजारांहून जास्त लोकांचे जीन वाचून 102 जीनची यादी आली, नंतर ती वाढली. यांतले बरेचसे दोनपैकी एक काम करतात. काही, जसं सीएचडी-8, हे दुसऱ्या जीनना कधी चालू व्हायचं कधी बंद व्हायचं ते सांगतात, मुकादमासारखे. काही, जसं शँक-3, हे मेंदूच्या दोन पेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या जोडावरचं बांधकाम सांभाळतात. आणि यादीतला कुठलाही एक जीन घ्या, त्यातला बदल ऑटिस्टिक लोकांपैकी फार तर एखाद्या टक्क्यातच सापडतो. त्यामुळे "ऑटिझमचा जीन सापडला" अशी हेडलाइन दिसली की पुढे स्क्रोल करा.

मेंदूत नक्की काय वेगळं असतं

इथे थोडं थांबावं लागेल.

मेंदूच्या दोन पेशी जिथे जोडल्या जातात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. लहान मुलाच्या मेंदूत हे जोड गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात, मग वापर बघून कमी केले जातात. मोकळ्या माळावरच्या पायवाटांसारखं. सुरुवातीला लोक कुठूनही चालतात, शंभर वाटा पडतात, हळूहळू सोयीच्या वाटा रुळतात आणि बाकीच्यांवर गवत उगवतं. 2014 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तपासले, 2 ते 20 वयोगटातले. ऑटिझम नसलेल्यांमध्ये लहानपणापासून किशोरवयापर्यंत एका भागातले जोड साधारण निम्म्याने कमी झाले होते, ऑटिझम असलेल्यांमध्ये फक्त 16 टक्क्यांनी. म्हणजे बऱ्याच वाटांवर गवत उगवलंच नाही. तपासलेले मेंदू मोजकेच होते, त्यामुळे हे सगळ्यांना लागू आहे असं मी म्हणणार नाही, पण चित्र बोलकं आहे.

त्याही आधीची एक पायरी आहे. मेंदूच्या बाहेरच्या सालीत पेशींचे थर असतात आणि ते आई गरोदर असतानाच, मधल्या महिन्यांत, लागतात. 2014 मध्येच आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या 11 मुलांच्या मेंदूंपैकी 10 मध्ये असे बारीक ठिपके दिसले जिथे थर नीट लागलेच नव्हते, आणि ऑटिझम नसलेल्या 11 पैकी फक्त एकात. म्हणजे सुरुवात बाळ जन्मायच्या आधीच झालेली असते. त्याला किती टीव्ही दाखवला, आई नोकरीला गेली का, हे सगळं त्याच्या खूप नंतरचं.

मग जीन वेगवेगळे आणि वागणं मिळतंजुळतं, हे कसं? याचा एक धागा 2022 मध्ये मिळाला. प्रयोगशाळेत मूळपेशींपासून मेंदूच्या ऊतीचे मसुराएवढे गोळे वाढवता येतात, त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. (ते विचार करत नाहीत, घाबरू नका.) त्यात ऑटिझमशी जोडलेल्या तीन वेगवेगळ्या जीनमध्ये बदल करून बघितला. तिघांचं काम वेगळं, पण परिणाम एका बाबतीत सारखा झाला, काही प्रकारच्या पेशींच्या वाढीचं वेळापत्रक बिघडलं, कोणी लवकर तयार झाल्या, कोणी उशिरा. घर बांधताना वायरिंगवाला येण्याआधीच प्लास्टरवाला काम उरकून गेला तर कसं होईल? माल उत्तम, कारागीर उत्तम, पण तारा आता वेगळ्याच रस्त्याने न्याव्या लागणार. घर उभं राहतं, दिवे लागतात, फक्त बटणं भलत्या भिंतीवर असतात.

फ्रिज बंद झाला

भाचा आमच्याकडे आला की स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मधेच म्हणतो, "बंद झाला." आम्हाला पहिल्यांदा कळेचना काय बंद झालं. मग लक्षात आलं, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबला की तो सांगतो. आणि परत सुरू झाला की "चालू." आम्ही त्या घरात इतकी वर्षं राहतोय, आम्हाला तो आवाज येतच नाही. म्हणजे येतो, पण मेंदू म्हणतो हे रोजचंच, सोडून दे.

हे सोडून देणं हे मेंदूचं मोठं काम आहे. तोच आवाज, तोच स्पर्श पुन्हा पुन्हा आला की मेंदूचा प्रतिसाद कमी होत जातो. स्पर्श-आवाजाचा जास्त त्रास होणाऱ्या ऑटिस्टिक मुलांच्या स्कॅनमध्ये हा प्रतिसाद तितका कमी होत नाही असं दिसलंय. शर्टाच्या मानेवरचं लेबल आपल्याला सकाळी दोन मिनिटं टोचतं, भाच्याला संध्याकाळपर्यंत पहिल्या मिनिटाइतकंच टोचत राहतं. ताई आता नवीन शर्ट आणला की आधी कात्री घेते, शिवण उसवून लेबल मुळापासून काढते, कारण नुसतं कापलं तर उरलेली कड आणखी टोचते.

यामागचा एक अंदाज 2012 मध्ये पेलिकानो आणि बर या दोघांनी मांडला. आपला मेंदू सतत पुढचं भाकीत करत असतो. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय टाकला आणि ती नसली की कसा गचका बसतो? ते भाकीत चुकल्याचं लक्षण. त्यांचं म्हणणं असं की ऑटिझममध्ये मेंदू जुन्या अनुभवाच्या भाकितावर कमी भर देतो आणि समोर जे येतंय त्यावर जास्त, त्यामुळे प्रत्येक गोष्ट नवी कोरी येऊन आदळते. हे सिद्ध झालेलं नाही, बाजूने आणि विरुद्ध दोन्ही निकाल आलेत. पण मला यातून एक गोष्ट उमजली, ठरलेला रस्ता, ठरलेला कप, ठरलेली वेळ याचा इतका हट्ट का असतो. रोज गचके बसत असतील तर माणूस ओळखीचा जिनाच धरणार.

स्वतःत मग्न म्हणे! या मुलात तर जग जरा जास्तच शिरतं.

"पण त्यांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत ना?"

हे वाक्य आलं 1985 च्या एका प्रयोगातून. दोन बाहुल्या, सॅली आणि अ‍ॅन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. अ‍ॅन ती काढून डब्यात लपवते. सॅली परत आली, ती गोटी कुठे शोधेल? बरोबर उत्तर टोपलीत, कारण तिला बिचारीला काय माहीत. 20 ऑटिस्टिक मुलांपैकी 16 जणांनी डबा दाखवला. त्यावरून निष्कर्ष निघाला की यांना दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधता येत नाही. पण त्यातही चौघांना आलंच, आणि बरीच ऑटिस्टिक मुलं मोठी झाल्यावर ही परीक्षा आरामात पास होतात, तेव्हा प्रकरण एवढं सरळ नाही.

2012 मध्ये डेमियन मिल्टन या संशोधकाने, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, प्रश्नच फिरवला. ते म्हणाले, त्यांना तुमचं कळत नाही हे मान्य, पण तुम्हाला तरी त्यांचं कुठे कळतं? टाळी दोन्ही हातांनी वाजते तशी गैरसमजूतही दोन्हीकडून होते. मग 2020 मध्ये 72 जणांना घेऊन कानगोष्टीचा खेळ लावला, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच टिकली जेवढी कोणीच ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत टिकली, घसरली ती मिश्र साखळीत. पुढे 300 च्या वर लोकांवर हाच प्रयोग केला तर मिश्र साखळीही तितकीच चांगली निघाली. म्हणजे मिश्र साखळीचं अजून पक्कं ठरलेलं नाही, पण ऑटिस्टिक लोक आपसात गोष्ट पोचवण्यात कमी पडत नाहीत हे दोन्ही वेळा दिसलं.

बाकी भाच्याचं सांगायचं तर ताई रडली की तो तिच्याकडे बघत नाही, दुसऱ्या खोलीत जातो आणि स्वतःचं आवडतं पांघरूण आणून तिच्या पायावर टाकतो. यात भावना कळत नाहीत असं कोणाला म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

"आमच्या वेळी नव्हतं हे, आता प्रत्येक वर्गात एक तरी मूल असतं"

आकडे खरंच वाढलेत. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांच्या सरकारी पाहणीत 2000 साली 150 मुलांमागे एक होतं, 2022 च्या पाहणीत 31 मागे एक. साथ आल्यासारखं वाटतं. पण आधी मोजपट्टी बघा. 1994 मध्ये निकषांत अ‍ॅस्पर्गर (म्हणजे बोलणं वेळेवर आलेलं, पण बाकी लक्षणं ऑटिझमसारखी) आलं, 2013 पर्यंत नियम होता की एडीएचडी (म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आणि ऑटिझम दोन्हींचं निदान एकत्र करायचं नाही, तो गेला. ज्यांना पूर्वी नुसतं मतिमंद म्हणून सोडून द्यायचे त्यांचं आता नीट निदान होतं. डेन्मार्कमध्ये निकष बदलले आणि बाह्यरुग्ण विभागातल्या केसेसही नोंदवायला लागले, तर तिथल्या वाढीपैकी साधारण 60 टक्के भाग नुसत्या या दोन बदलांनीच आला असं 2015 च्या अभ्यासात निघालं. उरलेल्यात आई-वडिलांचं वाढतं वय, दिवस भरायच्या खूप आधी जन्मलेली पण आता जगणारी बाळं, अशा गोष्टींचा थोडा वाटा असू शकतो. जाळं मोठं केलं आणि भोकं बारीक केली की मासे जास्त मिळणारच.

मुलींचंही तेच. पूर्वी म्हणायचे चार मुलग्यांमागे एक मुलगी, 2017 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर तीनला एक आलं. मुली बऱ्याचदा इतरांचं बघून बघून वागणं जुळवतात, आतून थकून जातात, आणि निदान पंचविशीत-तिशीत होतं. पण सगळा फरक लपवण्याचा नाही, निदान झालेल्या मुलींत सरासरी जास्त मोठे जीनबदल सापडतात, म्हणजे मुलीच्या शरीरात काहीतरी संरक्षण असावं असा कयास आहे.

लस, पोट आणि ती गोळी

लसीचं थोडक्यात उरकते. 1998 मध्ये 12 मुलांवरचा एक पेपर आला की एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला यांवरच्या) लसीचा ऑटिझमशी संबंध असावा. त्यात गैरप्रकार निघाले, 2010 मध्ये तो मागे घेतला गेला, मुख्य लेखकाचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या 6,57,461 मुलांची नोंद बघितली, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत फरक नाही. जपानच्या योकोहामात 1993 नंतर ही लस बंदच झाली होती, तरी निदानं वाढतच राहिली. लस साधारण वर्षाच्या आसपास देतात, ऑटिझमची लक्षणं आई-बापांच्या लक्षात येतात तीही त्याच सुमाराला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

पोटातल्या जंतूंचं जरा मजेशीर आहे. ऑटिस्टिक मुलांच्या आतड्यातले जंतू वेगळे असतात असं बऱ्याच अभ्यासांत आलं आणि लगेच प्रोबायोटिकचा धंदा सुरू झाला. ऑस्ट्रेलियात 247 मुलांवर 2021 मध्ये नीट तपासलं तर निघालं भलतंच, मुलं मोजकेच पदार्थ खातात म्हणून जंतूंचे प्रकार कमी. म्हणजे बैल गाडीच्या मागे जुंपला होता. फ्रिजवाल्या आईच्या वेळी झाली तीच चूक, पुन्हा.

आणि आता ताईची गोळी. काही अभ्यासांत पॅरासिटामॉल घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण किंचित जास्त दिसलं होतं, हे खरं आहे. पण गोळी कोण घेतं? ज्यांना ताप आहे, इन्फेक्शन आहे, मायग्रेन आहे. मग परिणाम गोळीचा की तापाचा की मायग्रेनवाल्या घराण्यातल्या जीनचा, हे वेगळं कसं करणार? युक्ती साधी आहे, सख्खी भावंडं घ्यायची, एकाच्या वेळी आईने गोळी घेतली, दुसऱ्याच्या वेळी नाही. स्वीडनमध्ये 2024 मध्ये जवळपास 25 लाख मुलांच्या नोंदी बघितल्या. सगळ्यांची सरसकट तुलना केली तर बारीकसा फरक दिसला, सख्ख्या भावंडांची तुलना केली तर तो गायब झाला. उलट गरोदरपणात जास्त ताप अंगावर काढणं हे बाळाला धोक्याचं असतं, म्हणजे त्या दोन दिवसांत ताईने केलं ते योग्यच होतं.

गरोदरपणातलं काहीच कधी लागत नाही असा याचा अर्थ नाही. फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात घेतलं तर ऑटिझमचा धोका वाढतो हे नीट सिद्ध झालंय आणि डॉक्टर ते शक्यतो टाळतात. (पण मनाने बंद करू नका, फिट येणंही धोक्याचं असतं.)

मग नवीन काय कळलंय?

व्यक्ती तितक्या प्रकृती हे आता आकड्यांत दिसायला लागलंय. जुलै 2025 मध्ये 5,392 ऑटिस्टिक मुलांचा एक अभ्यास आला. त्यांनी एकेक लक्षण सुटं न बघता प्रत्येक मुलाच्या 230 च्या वर गोष्टी एकत्र बघितल्या, बोलायला कधी लागलं, झोप, चिंता, हट्ट, सगळं. चार गट पडले. सगळ्यात मोठ्या, 37 टक्क्यांच्या गटात चालणं-बोलणं वेळेवर झालेलं, पण सामाजिक अडचणी, चिंता, एडीएचडी भरपूर. 34 टक्क्यांत सगळ्याच गोष्टी सौम्य. 19 टक्क्यांत चालण्या-बोलण्याला उशीर, पण चिंता वगैरे फारशी नाही. आणि 10 टक्क्यांत सगळंच जास्त.

गंमत पुढे आहे. हे गट फक्त वागण्यावरून पाडले होते, पण नंतर जीन बघितले तर तेही गटागटाने वेगळे निघाले. त्या 10 टक्क्यांत नव्याने झालेले मोठे बदल सगळ्यात जास्त. आणि पहिल्या गटात, ज्यांचं निदान उशिरा होतं, तिथे बदल अशा जीनमध्ये जे जन्मानंतर जास्त काम करतात. गाडीच्या उपमेत सांगायचं तर बॅटरीवाले वेगळे आणि प्लगवाले वेगळे दिसायला लागले. चारच गट आहेत असं मात्र धरून बसू नका, आणखी मुलं तपासली की आणखी फाटे फुटतील.

टेस्ट कधी? औषध कधी?

रक्ताची टेस्ट आज नाही. जीनची तपासणी आहे, पण ती काही मुलांतच नेमकं कारण दाखवते. कारण सापडलं तर फिट्स वगैरे पुढच्या धोक्यांवर लक्ष ठेवता येतं, म्हणून डॉक्टर सुचवतात. लहान बाळांच्या नजरेवरून लवकर ओळखायचे प्रयत्न बरेच पुढे गेलेत. 2013 मध्ये दिसलं की ज्यांना पुढे ऑटिझमचं निदान झालं ती बाळं दोन महिन्यांची असताना डोळ्यांकडे इतरांइतकंच बघत होती, मग दोन ते सहा महिन्यांत ते बघणं हळूहळू कमी होत गेलं.

मूळ ऑटिझमवर औषध नाही. चिडचिड, स्वतःला मारून घेणं यासाठी अमेरिकेत रिस्पेरिडोनला 2006 मध्ये आणि अरिपिप्राझोलला 2009 मध्ये मान्यता मिळाली, पण ते त्या त्रासापुरतं. ऑक्सिटोसिन या मायेच्या हॉर्मोनवर खूप आशा होती, 2021 मध्ये 290 मुलांवर ट्रायल झाली, खोट्या औषधापेक्षा काही फायदा नाही. सप्टेंबरच्या त्या पत्रकार परिषदेत ल्युकोव्होरिन या औषधाचंही नाव घेतलं गेलं, त्यामागे सध्या छोट्या छोट्या ट्रायल आहेत, एवढ्यावर मी तरी ताईला धावपळ करायला सांगणार नाही. आणि इतकी वेगवेगळी कारणं असताना सगळ्यांना एकच औषध लागू पडेल ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. बऱ्याच ऑटिस्टिक मोठ्या माणसांचं म्हणणं असं की आम्हाला बदलू नका, झोप, फिट्स, पोटाचा त्रास, चिंता, बोलता न येणाऱ्यांसाठी संवादाची साधनं, यावर पैसा लावा. चोवीस तास काळजी घेणाऱ्या काही पालकांना हे पटत नाही, त्यांना औषध हवंय. एकाच नावाखाली इतकी वेगळी माणसं असल्यावर हे भांडण होणारच, आणि मला दोघांचंही पटतं.

हे सगळं लिहून मी रविवारी ताईला फोन लावला आणि वाचून दाखवलं. भावंडांच्या अभ्यासापाशी तिने थांबवलं, म्हणाली परत वाच. परत वाचलं. मग बराच वेळ ती काही बोलली नाही, मला वाटलं रेंज गेली. तेवढ्यात मागून आवाज आला, "चालू."

"फ्रिज," ताई म्हणाली. "हं, पुढे वाच."